खोळीतले बूट

आमच्या घरात तीन वस्तूंना खोळी होत्या. उशांना, ह्यांच्या बाजाच्या पेटीला आणि माझ्या धाकट्या दिरांच्या बुटांना.

पहिल्या दोन खोळींबद्दल मला कधी कोणाला काही सांगावं लागलं नाही. तिसऱ्या खोळीने मात्र मला सतत मान खाली घालायला लावली. आलेली बाई ओटीवर टेकते न टेकते तोच तिची नजर पडवीकडे जाई. तिथे झोपाळ्यावर भावोजी बसलेले असत. अंगात सदरा, कमरेला धोतर, आणि धोतराखाली माझ्या जुन्या फुलाफुलांच्या लुगड्याच्या दोन गलेलठ्ठ पिशव्या. बाई हळूच विचारी, "पाय भाजले काय गो ह्यांचे?" मी म्हणे, "नाही, बूट आहेत." मग ती गप्प बसे. तिने आणखी काही विचारलं असतं तर बरं, असं मला वाटे.

खोळींची युक्ती माझीच. रत्नागिरीत मांडवीच्या बाजूला आमचं घर, हे बंदरकचेरीत कारकून, आणि चामडं उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही हा सासूबाईंचा नियम. पण भावोजी आगबोटीवरची खलाशाची नोकरी सोडून घरी आले ते बूट घालूनच, आणि ते काढायला काही केल्या तयार होईनात. चालताना नाही, झोपाळ्यावर नाही, जेवताना पाटावरही नाही. आंघोळ ते पहाटे सगळे उठायच्या आत मागच्या विहिरीवर उरकत, आणि रात्री पडवीच्या खोलीला आतून कडी घालून झोपत. सासूबाईंनी आठ दिवस अबोला धरला, ह्यांनी डोक्यावर पांघरूण घेतलं. शेवटी मी पाटीवर दोन रकाने आखले. एका बाजूला काय बदलता येईल, दुसऱ्या बाजूला काय बदलता येणार नाही. अडचण आली की मी नेहमी असंच करते. बूट दुसऱ्या बाजूला गेले. पहिल्या बाजूला उरली सुई आणि जुनं लुगडं.

हे बूट काही साधे नव्हते. जाड चामड्याचे, पुढे चौकोनी नाकाचे, टाचेला मागून एक खाच असलेले, आणि लांबलचक नाड्यांचे. महायुद्ध संपल्यावर भावोजींची आगबोट नॉर्वे नावाच्या मुलखातल्या एका बंदरात यंत्र मोडून पडली आणि सबंध हिवाळा तिथेच अडकून बसली. तिथली माणसं म्हणे पायाला लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरत जातात. त्याला स्की म्हणतात. काम नसलेल्या खलाशांनीही तो नाद लावून घेतला. पुढे सगळे तो विसरले. भावोजी विसरले नाहीत.

"वैनी, बर्फ म्हणजे तुम्ही समजता तसा नव्हे," ते मला स्वयंपाकघराच्या दारातून सांगत. मी नारळ खोवत असे. "मच्छीवाल्याकडे असतो तो दगड. खरा बर्फ कसा, तर हे तुम्ही खोवताय ना, ते परातीत कसं पडतं? तसा. आवाज नाही. मळलेल्या वाटेवर तो दबून घट्ट होतो, तिथे कोण पण घसरेल. पण वाट सोडून बाजूच्या मऊ बर्फात शिरायचं, त्यात मजा. गुडघाभर आत जातो माणूस. तिथे फळ्या नव्हे, बूट सांभाळतो."

"बरं. नारळाच्या कवट्या जरा बाहेर टाका."

"टाकतो. पण बूट घेताना कसा घ्यायचा, ते ऐका."

ते सगळ्या रत्नागिरीने ऐकलं होतं. बूट संध्याकाळी घ्यावा, सकाळी पाय खोटं बोलतो. लोकरीचे दोन मोजे चढवून घ्यावा. गुडघा वाकवला तर टाच जागची उठता कामा नये. दिसायला कसा आहे हे शेवटी बघावं, नाही बघितलं तर उत्तम. आणि सगळं झालं की स्वतःला विचारावं: बोटं हलतात काय?

"बोटं हलतात काय?" हा त्यांचा मंत्र होता. पोस्टमास्तरांना भर रस्त्यात थांबवून त्यांनी हे विचारलं. नव्या मुन्सफांना विचारलं, आणि नुसतं विचारलं नाही, खाली वाकून त्यांच्या बुटाचं नाक अंगठ्याने दाबून बघितलं. मुन्सफांना वाटलं हा माणूस पाया पडतोय. त्यांनी आशीर्वाद दिला. दुसऱ्या दिवशी कचेरीत ह्यांना सगळा मजकूर कळला आणि हे संध्याकाळी मागच्या वाटेने घरी आले.

बाजारातल्या चपलांच्या दुकानात तर भावोजी दिसले की मालक पुढच्या फळ्या लावून घेऊ लागला. एकदा ह्यांना वहाणा घ्यायच्या होत्या म्हणून भावोजी सोबत गेले. वैशाखातली दुपार. त्यांनी ह्यांच्या पायांत लोकरीचे दोन दोन मोजे चढवले, आणि मग कोल्हापुरी वहाणेच्या अंगठ्यात मोज्यासकट बोट कसं घालायचं यावर दोघे भाऊ आणि दुकानदार घाम पुसत बसले. हे रिकाम्या हाताने परत आले. "पुन्हा मला ह्याच्याबरोबर पाठवू नकोस," एवढंच म्हणाले.

ते मोजे धुवायचं काम माझ्याकडे. मी ते गोठ्यामागे वाळत घालत असे, रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून.

पण लाजेने मी खरी अर्धमेली झाले ती गणूशेटच्या तुसामुळे. गणूशेटची भाताची गिरणी होती आणि गिरणीमागे तुसाचा डोंगर. भावोजींनी तो एकदा पाहिला आणि त्यांना नॉर्वे आठवला. पोफळीच्या खोडाच्या दोन लांब फळ्या त्यांनी तासून घेतल्या, पुढची टोकं वाफेवर धरून वर वळवली, खोबरेल चोळलं. बंदरावर दोरखंडं आणि शिडं दुरुस्त करण्याचं काम ते करत, त्यामुळे बांधाबांध पक्की. एका रविवारी ते त्या डोंगरावर चढले. खाली गिरणीचे हमाल, भात घेऊन आलेली माणसं, बाजारातली पोरं.

"एका बाजूने लोकांनी चढून चढून वाट केलीय," भावोजींनी वरून जाहीर केलं. "तिथून मी येणार नाही. मी मऊ बाजूने येणार!"

थोड्या वेळाने गणूशेट आमच्या ओटीवर आले. जेवायला आमच्याकडे नेमके पाहुणे होते. गणूशेटच्या मिशा, भुवया, टोपी, सगळं तुसाने भरलेलं.

"वैनी, तुमचे दीर आमच्या तुसात बुडलेत."

"बुडलेत म्हणजे?"

"म्हणजे टोपी दिसतेय. आतून बोलतायत. बोटं हलतात असं म्हणतायत."

त्यांना चौघांनी ओढून काढलं. त्यानंतर कित्येक दिवस भावोजी शिंकले की अंगणात तूस पडे. मी बाजारात जाणं जवळजवळ सोडलं होतं. गेले की कोणी ना कोणी विचारीच, "काय वैनी, बर्फ पडला काय मांडवीला?"

लोक हसत, त्यातलं बरंचसं मी गिळलं. एक गोष्ट मात्र माझ्या घशाखाली कधी उतरली नाही, ती केळशीची.

भावोजी बोटीवरून आले त्याच वर्षी मी त्यांच्यासाठी केळशीची मुलगी बघितली होती. घरची थोडी पोफळं, माणसं सरळ, मुलगी शांत आणि कामाची. भावोजींनाही आवडली. तिला बघून आल्यावर ते दोन दिवस नॉर्वेबद्दल बोलले नाहीत. साखरपुडा झाला. मी लग्नाच्या सामानाची यादी केली, तांदूळ आणले, वाजंत्री ठरवली. सगळं नीट चाललं होतं. एका संध्याकाळी सासूबाई विधी समजावत होत्या, आधी काय, मग काय, कोणी कुठे बसायचं, कोणी पाय धुवायचे. भावोजी ऐकत होते. ऐकता ऐकता उठून गेले, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "वैनी, मला लग्न करायचं नाही."

"का?"

"नाही करायचं."

ह्यांनी विचारलं, सासूबाई रडल्या, उत्तर तेच. शेवटी सांगायला केळशीला मी आणि हे गेलो. मुलीच्या आईने आमच्यापुढे गूळपाणी ठेवलं आणि आत निघून गेली. दाराआड मुलगी उभी होती, तिचा फक्त पदर दिसत होता. त्यानंतर भावोजींच्या कोणत्याही वेडावर मी मनापासून हसले नाही. बाहेरच्यांना ते विनोदी वाटत. मला त्यांच्या बुटांच्या आवाजाबरोबर तो पदर आठवे.

वर्षं गेली. माझी कुसुम लग्नाची झाली आणि तिचं मुंबईच्या मुलाशी ठरलं. मुलगा एका मोठ्या कंपनीत नोकरीला, विचारांनी नवा. लग्नाच्या आधी पंधरा दिवस त्याचे मामा बोटीने आले आणि एक खोकं ठेवून गेले. "मुलाची हौस आहे. मुलीने लग्नात हे घालावेत."

आत बूट होते. मुंबईच्या बायका घालतात तसे, चकचकीत, पुढे निमुळते, मागे उंच टाच. कुसुमचे पाय लहानपणापासून जांभ्या दगडावर अनवाणी चालून रुंद झालेले. ते बूट तिच्या पायापुढे खेळण्यातले दिसत होते.

मुलाकडून आलेली वस्तू लहान होते म्हणून परत पाठवायची, हे आमच्याकडे कोणी ऐकलेलं नव्हतं. मी पाटी घेतली. खोबरेल लावलं. लाकडाचा ठोकळा घालून ठेवला. शेवटी कोणीतरी सांगितलं म्हणून बुटांत सुके वाटाणे भरून वर पाणी ओतलं, ते फुगले की चामडं ताणतं. लग्नाच्या गडबडीत ते काढायचे राहिले. तिसऱ्या दिवशी बघते तर वाटाण्यांना मोड आलेले, आणि बूट होते तेवढेच.

कुसुम रोज पडवीत ते घालून चालायची सवय करू लागली. ओठ आवळून, भिंतीला धरून.

"होतात काय गं?" मी विचारी.

"होतात आई."

झोपाळा थांबला. भावोजी उठून तिच्यासमोर उकिडवे बसले.

"कुसुम, बोटं हलतात काय?"

"हलतात काका."

"हलवून दाखव बघू."

कुसुम खाली बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं, थेट त्या चकचकीत चामड्यावर.

"हे ती घालणार नाही," भावोजी माझ्याकडे वळून म्हणाले. एवढ्या कडक आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "मी मुलाकडच्यांना सांगतो."

"खबरदार! लग्न मोडायचा अनुभव तुम्हाला असेल, मला पुन्हा नको आहे. मांडवात बुटांचा ब काढलात तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही."

केळशीचा विषय इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा काढला होता. ते झोपाळ्यावर जाऊन बसले. नंतर मला दिसलं, ते खोळीची नाडी सोडत होते, बांधत होते, सोडत होते.

सीमांतपूजनाच्या संध्याकाळी मुलाकडची मंडळी आमच्या मांडवात आली. सगळं माझ्या यादीप्रमाणे चाललं होतं. भावोजींना मी कोपऱ्यात उभं केलं होतं, हातात पाय पुसायचा पंचा देऊन, म्हणजे हात गुंतलेले राहतील. बुटांवर नव्या कोऱ्या खोळी होत्या.

जावईबापू आले ते जरा लंगडत. सूट, डोक्याला जरीची टोपी, पायांत आरशासारखे काळे बूट. चेहरा घामाने डबडबलेला. भटजी म्हणाले, "बूट काढून पाटावर बसा."

जावई वाकले. बूट निघेना. बोटीचा प्रवास, वैशाखाचा उकाडा, पाय चांगलाच सुजला होता. त्यांनी ओढला, मग त्यांच्या मामांनी ओढला. मामा ओढता ओढता मागे धडपडले आणि पंचपात्रीवर बसले. कोणी हसलं नाही, आणि ते फार वाईट होतं. विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. जावयाचे कान लाल झाले. मला वाटलं, आता फक्त एक गोष्ट होऊ नये.

"बोटं हलतात काय?" कोपऱ्यातून आवाज आला.

मी डोळे मिटले.

"काय म्हणालात?" मामा उठत म्हणाले.

"त्यांना विचारतोय. बोटं हलतात काय?"

मामांची नजर खाली गेली, फुलाफुलांच्या खोळींवर. "तुम्ही मांडवात बूट घालून उभे, ते पण झबली घातलेले, आणि आम्हाला विचारता? आधी तुमचे काढा!"

मांडव हसला. इतका वेळ कोंडलेलं हसू सगळं भावोजींवर पडलं. मी हसले नाही, पण त्यांना वाचवायलाही पुढे झाले नाही.

भावोजींनी पंचा खांद्यावर टाकला आणि खाली बसले. खोळी काढल्या. मग त्या लांबलचक नाड्या, एक एक वेढा. उजवा बूट निघाला, मग डावा. डाव्याच्या मोज्यातून शेवरीच्या कापसाचा एक मोठा बोळा बाहेर आला. त्यांनी मोजा काढला. पायाला अंगठा होता आणि करंगळी होती. मधे काही नव्हतं.

हसू थांबलं. एवढा मांडव, पण वाजंत्रीवाला सनईची पत्ती ओली करत होता तेवढाच आवाज.

"पहिले बूट घेतले ते असेच, दिसायला छान," ते जावयाशी बोलत होते, दुसरं कोणी नसल्यासारखे. "त्या लोकांत उठून दिसायचं होतं. घट्ट होते. मऊ बर्फात गेलो दिवसभर. आधी दुखलं, मग दुखायचं थांबलं. मला वाटलं बरं झालं. सांगायची लाज वाटली ना, हिंदी माणूस कच्चा म्हणतील. संध्याकाळी बूट कापून काढला, बोटं काळी. हे काढलेत ते नंतरचे. ह्यात मग बर्फ वितळायच्या आत चार दिवस घसरलो. ह्यात हलतात. आहेत तेवढी." मग थोडं थांबून म्हणाले, "आमच्या मुलीला तुम्ही पाठवलेले बूट होत नाहीत. ती लाजेने सांगत नाही. मी सांगतो."

मी विहीणबाईंकडे बघायचं धाडस केलं नाही.

जावयाने त्या पायाकडे बघितलं. मग म्हणाला, "मलाही हे होत नाहीत हो. दोन्ही जोड एकाच दुकानातले. तो म्हणाला, साहेब, मुंबईत असेच घालतात. मला नाही म्हणायची लाज वाटली."

"टाच सोडवा आधी," भावोजी सरकत पुढे झाले. "बोटं मग. वैनी, खोबरेल."

बूट निघाला तेव्हा जावई "आई गं" म्हणाला ते विहीणबाईंनाही ऐकू गेलं, आणि त्या हसल्या. पहिल्यांदा त्या हसल्या, मग सगळे. कुसुम दुसऱ्या दिवशी अनवाणी बोहल्यावर चढली, आणि जावयाने आमच्या ह्यांच्या जुन्या वहाणा मागून घेतल्या.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी जावई पाटावर बसला. ह्यांनी त्याचे पाय ताम्हनात घेतले, मी तांब्यातून पाण्याची धार धरली. भावोजी पंचा घेऊन शेजारी, अनवाणी, डावा पाय धोतराच्या सोग्यात दडवून. ह्यांचं लक्ष भटजींकडे, भटजींचं दक्षिणेकडे, जावयाचं दाराआडच्या कुसुमकडे. पाणी पडलं, पुसलं, कुंकवाचं बोट लागलं. भटजी पुढच्या मंत्राला गेले.

"वैनी," भावोजी हळूच म्हणाले, "झालं?"

"झालं की."

"एवढंच असतं?"

"मग काय असायचं?"

ते हातातल्या ओल्या पंच्याची घडी करत राहिले. घडी सरळ होती, तरी पुन्हा केली.

"मला वाटायचं, सगळे पायाकडे बघतात," ते म्हणाले. "बोटं मोजतात."

केळशीचं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. त्या मुलीला आता दोन लेकरं आहेत, दापोलीकडे दिली आहे, हे मला माहीत होतं. त्यांनाही असावं.

मांडवातलं सारवण अजून ओलं होतं, त्यांच्या पावलांना शेण लागलेलं. तांब्यात थोडं पाणी उरलं होतं.

"भावोजी, पाय पुढे करा."

"नको वैनी. माणसं बघतायत."

"बघू देत."

त्यांनी उजवा पाय पुढे केला.

"हा नव्हे," मी म्हटलं, "तो दुसरा."